पडद्यावरची पन्नी

दवाखान्यात कॉम्प्युटरवर एक्स-रे दिसायला लागला, त्या दिवशी आम्ही नव्या पडद्याची पूजा केली, नारळ फोडला आणि त्यावरची पारदर्शक पन्नी तशीच ठेवली. ती काढायची असते हे कळत नव्हतं असं नाही. पण वणीत, तेही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेजारी, नवी वस्तू उघडी ठेवायची हिंमत कोण करणार? हंगामात कापसाची धूळ चहाच्या कपातही उतरायची. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा पन्नीतच म्हातारा होतो.

एक्स-रे काढायचं काम माझं, वाचायचं डॉक्टरांचं. माणूस शांत, पण त्या पडद्यानं त्यांचं डोकं फिरवलं होतं. पूर्वी ते फिल्म दिव्याच्या पेटीवर लावायचे आणि लगेच सांगायचे. आता पडद्याला नाक टेकेपर्यंत पुढे सरकून विचारायचे, "हे फुप्फुस आहे की धुकं?" पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवलेला, कारण नातेवाइकांनाही 'फोटो' पाहायचा असायचा. त्यांना त्यात बहुतेक स्वतःचंच तोंड दिसायचं.

माझे बाबा राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचीच दैना केली होती. आमच्या शेतात घर चालेल असं काही उरलं नव्हतं, म्हणून दिवाळीनंतर बाबा दवाखान्याशेजारच्या त्या जिनिंगमध्ये कामाला जाणार होते. त्यांना दम लागायचा. एक्स-रे काढला, तर पडद्यावर छाती स्वच्छ दिसली. "वयाचा दम असेल," डॉक्टर म्हणाले, पण अर्धवट मनानं. आई मात्र बाबांना चिडवू लागली, की काम टाळायला बरं निमित्त सापडलं. बाबाही हसायचे. आमच्या गल्लीचा चढ चढताना मधेच भिंतीला टेकायचे आणि कोणी पाहिलं की हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा.

एका दुपारी डॉक्टरांनी पेशंट थांबवले आणि आम्ही दोघं त्या पडद्याच्या मागे लागलो. टेबल फिरवलं. खिडकीवर जाड काळं कापड ठोकलं. पडद्याचा उजेड वाढवला. पडदा नीट दाखवतो का ते तपासायच्या चित्रातल्या करड्या पट्ट्या एकेक वेगळ्या दिसायला हव्या होत्या. शेवटच्या दोन काही केल्या वेगळ्या होईनात. तेव्हा डॉक्टरांनी पन्नीच्या कोपऱ्याला नख लावलं.

"सर, धूळ बसेल," मी म्हणालो.

"बसू दे. पुसता येते."

पन्नी निघाली आणि पट्ट्या वेगळ्या झाल्या. मग मी न सांगताच त्यांनी बाबांचा एक्स-रे उघडला. म्हणजे तो त्यांच्याही मनात अडकून होता. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला, काळ्या कापडावर रवा सांडावा तसे बारीक पांढरे दाणे होते. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाबांना बोलावून घे."

बाबा आले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवून समजावलं: ही खाणीतली धूळ, ती आता निघायची नाही, यात जिनिंगची भर मात्र घालायची नाही. बाबांनी पडद्यावरच्या दाण्यांवर बोट ठेवलं.

"थे सारं माह्या छातीत आहे?"

"हो."

"मंग तुह्या मायले सांग," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी नाटक नव्हतो करून राह्यलो." मग म्हणाले, "आता थे पन्नी लाव पुन्हा."

डॉक्टरांनी पडदा बंद केला. मी बाबांना घेऊन निघालो. जिनिंगचं काम गेलं होतं. गल्लीच्या चढावर ते नेहमीच्या जागी भिंतीला टेकले. मी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत, नुसते श्वास घेत उभे राहिले.