अक्कानं न पाहिलेली राणी

मी तमाशातल्या बायांचे फोटो काढते याबद्दल घरात दोन मतं होती. एक माहेरचं आणि एक सासरचं, आणि दोन्ही अगदी सारखीच होती. चांगल्या घरच्या बाईनं कॅमेरा गळ्यात अडकवून जत्रांमधून फिरू नये. मी म्हणायची, चांगल्या घरातल्या लग्नांचे फोटोही काढतेच की, पण तिथे नवरीच्या मावशीला फोटोत आपली हनुवटी एकच दिसायला हवी असते आणि दोन दिसल्या की दोष माझ्या माथी येतो. तमाशातल्या बाईला स्वतःचा चेहरा पाठ असतो. ती आरशासमोर बसल्या बसल्या सांगते, "ताई, डावीकडून काढा, उजवीकडचा गाल झोपेत दबलेला आहे." अशा माणसाबरोबर काम करायला मजा येते.

सुरुवात एका फलकापासून झाली. एका फडमालकाला नव्या हंगामासाठी मोठा फलक करायचा होता, त्यावर आठ जणींचे चेहरे हवे होते. जळगावातले फोटोग्राफर सगळे पुरुष, आणि बायांच्या राहुटीत पुरुषाला प्रवेश नाही. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी गेले, आणि मग दर हंगामाला जात राहिले. बोदवड, रावेर, अमळनेर, धुळ्याला एकवीरेची यात्रा. कुठल्याही बड्या कंपनीनं मला कधी नोकरी दिली नाही, आणि दिली असती तरी चैत्रात मी तिथून पळून आले असते.

राहुटीतला दुपारचा उजेड मी अजून विसरलेले नाही. खेळ पहाटे संपायचा, त्यामुळे बाया उठायच्या बारानंतर. तेव्हा ऊन कनातीच्या कापडातून गाळून आत यायचं, पिवळसर, मऊ, कुणाच्याही चेहऱ्यावर दया करणारं. मी मागे पांढरी चादर बांधायची. एकीचे केस विंचरणं चालू असायचं, दुसरी स्टोव्हवर भरताची वांगी भाजायची, तिसरी फोनवर आपल्या मुलीला पाढे म्हणायला लावायची. कांदा, पावडर आणि चाळांच्या चामड्याचा असा एकत्र वास यायचा. आज माझा स्टुडिओ वातानुकूलित आहे. तिथे कशाचाच वास येत नाही आणि मला तिथे करमत नाही.

त्यांचा एक नियम होता. अर्ध्या रंगात फोटो नाही. चेहऱ्याला रंग लावायला सुरुवात केली की पूर्ण होईपर्यंत कॅमेरा पिशवीत. आताच्या पोरी गोल दिव्यासमोर बसून रंग लावतानाचेच व्हिडिओ टाकतात आणि त्यांना हजारो लोक बघतात. टाकू देत. मला आपला तो नियम आवडायचा, कारण तेवढा वेळ मला चहा मिळायचा आणि चहाबरोबर आबा मिळायचे.

आबा म्हणजे त्या फडातले सर्वांत जुने कलावंत. खान्देशी तमाशात पूर्वी बाया नव्हत्याच, पुरुषच लुगडं नेसून बायांची कामं करत. आबांनी तरुणपणी वगातली राणी केली होती. मी फडात जाऊ लागले तेव्हा राणीचं काम कधीच बायांकडे गेलं होतं, आबा उरले होते पोरींच्या भुवया कोरायला आणि मालकाला शिव्या द्यायला. माझ्यासाठी ते आरसा तिरका धरून उजेड वळवून द्यायचे. "आबा, तुमचा एक फोटो काढू का?" असं मी विचारलं की म्हणायचे, "राणी गयी, आते दासीना फोटो कसाले?" मग ते गावी निघून गेले, पुढे फडही मोडला, आणि माझ्या आयुष्यातून ती दुपार गेली.

कितीतरी वर्षांनी त्यांचा फोन आला.

"ताई, वळखं का? एक फोटो काढना शे. पुरा रंगमा. राणीना."

मी म्हटलं, "आबा, आता आठवण झाली होय?"

"घरवालीले दखाडना शे. बठ्ठा खान्देशनी दखी मन्ही राणी. तिनीच नही दखी."

अख्ख्या खान्देशानं पाहिलेली राणी घरच्या बाईनंच पाहिली नव्हती.

त्यांचं गाव धुळ्याच्या पुढे, शिरपूरकडे. मी सकाळीच स्कूटर घरी ठेवून एसटीनं निघाले. आबा फाट्यावर न्यायला आले होते, काठी टेकत. घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि ते ऐकल्यावर मला वाटलं, हा फोटो काढायला मी नाही म्हणायला हवं होतं.

लग्न होऊन अक्का, म्हणजे आबांची बायको, घरात आल्या तेव्हा आबांच्या आईनं त्यांना भरल्या ताटावर हात ठेवायला लावून आन घातली होती. तो तिकडे राणी होवो नाहीतर दासी, या घरातल्या बाईसाठी तो पुरुष आहे. तू त्याला लुगड्यात कधी पाहायचं नाही. अक्कांनी ती आन पाळली. फड शेजारच्या गावात आला तरी त्या घरातून हलल्या नाहीत. आबाही उंबरा ओलांडण्याआधी विहिरीवर तोंड खरवडून धूत. सासू जाऊन जमाना झाला, पण आन काही सासूबरोबर जात नाही.

आणि आता अक्कांची नजर चालली होती. काचबिंदूनं उजवा डोळा गेला होता, डावाही कमी कमी होत होता. धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, जे पाहायचं ते पाहून घ्या. डॉक्टरला पंढरपूर-काशी म्हणायचं असेल. आबांच्या डोक्यात राणी आली.

"पण आन?" मी विचारलं.

"आन माले दखानी शे," आबा म्हणाले. "फोटो म्हंजे मी नही ना."

वकिलालाही सुचली नसती अशी ही पळवाट त्यांनी शोधली होती, आणि तिच्यासाठी मला जळगावहून बोलावलं होतं. अडचण एकच. अक्कांना ती पटलेली नव्हती. मी घरात पाय ठेवला तेव्हा त्यांनी पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोटो बी तुमनाच शे ना." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मुलगा-सून शेतात गेली होती. आबांनी ओसरीवर पत्र्याची पेटी उघडली. मी पांढरी चादर बांधली. आबा रंगाला बसले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. एक भुवई कपाळावर गेली. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी त्यांचं मनगट धरलं, ते सांगत गेले, मी काढत गेले. गंगावन खोवलं, नथ अडकवली, कुंकू लावलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, जरा जास्तच जोरात.

मग आबांनी शालू काढला. जांभळा, जरीच्या काठाचा, राणीचा शालू. मोठ्या कौतुकानं त्यांनी तो झटकला आणि तो घड्यांवर उभा फाटला. इतकी वर्षं पेटीत एकाच घडीत राहिलेला शालू दुसरं काय करणार? पट्ट्या पट्ट्या होऊन तो त्यांच्या हातात लोंबत राहिला. रंगवलेल्या चेहऱ्यानं आबा नुसते त्या पट्ट्यांकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांना म्हातारं झालेलं पाहिलं.

"आबा, नुसत्या चेहऱ्याचा काढू," मी म्हटलं.

"अर्धा रंगमा फोटो नही," ते ओरडले. उठले, मागच्या अंगणात गेले आणि दोरीवर वाळत असलेलं अक्कांचं लुगडं ओढून घेऊन आले. हिरवं, रोजचं, धुऊन धुऊन विरलेलं. मला नऊवारी नेसवता येत नाही, मी आपली बाजूला उभी राहिले. पण लुगडं हातात आलं तसे ते थरथरणारे हात थांबले. निऱ्या, कासोटा, पदर, सगळं भराभर झालं. मात्र नेसून ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. समोर राणी नव्हती. बाजाराला निघालेली कुणीही म्हातारी होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मन्हं लुगडं कोन लई गे?" आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना अक्का तणतणत ओसरीत आल्या.

आल्या आणि थबकल्या. त्यांचा हात आपोआप वर गेला. झटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, एक पाऊल मागे सरल्या आणि पाया पडायला अर्ध्या वाकल्यासुद्धा.

"माय वं," त्या म्हणाल्या. "या त सासूबाई!"

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "दखू नको! आन शे!" त्यांना फोटो दाखवायचा होता, स्वतःला नव्हतं दाखवायचं. इतकी वर्षं बायकोनं पाळलेली आन आपल्या हातून मोडली असं त्यांना वाटलं, आणि ते भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे उभे राहिले.

अक्का मात्र वाकलेल्या सरळ झाल्या. डाव्या डोळ्यावर हाताची सावली धरून त्यांनी नवऱ्याला पायापासून नथीपर्यंत न्याहाळलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, पदर तोंडात कोंबून.

"ज्यासनी आन घाली, त्याच ई गयात," नवऱ्याच्या रूपानं परत आलेल्या सासूकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "आते कसानी आन?"

आबा वळले नाहीत.

अक्का ओसरीच्या काठावर, खाली पाय सोडून, ऐसपैस बसल्या. "करा, काय राणी करतस ती. मी दखस."

मी आयुष्यात भल्याभल्या लावण्यवतींचे फोटो काढले आहेत. पण माणूस असं बदलताना मी पाहिलेलं नाही. आबा भिंतीकडून हळूहळू वळले, आधी मान, मग खांदा. हनुवटी वर गेली. पदराचं टोक दोन बोटांत आलं. काठी बाजूला पडली होती आणि त्यांना तिची आठवणही नव्हती. त्या विरलेल्या हिरव्या लुगड्यात राणी उभी राहिली आणि तिनं ओसरीच्या काठावर बसलेल्या एका बाईकडे असं पाहिलं, की मीच कावरीबावरी झाले. त्यांनी एक गिरकी घेतली, अर्धीच. पाय लटपटला, पण नजर हलली नाही. मी फोटो काढत होते. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यातले निम्मे हललेले आहेत, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

अक्का हसायच्या थांबल्या होत्या. त्या मान पुढे काढून, एकाच डोळ्यानं, एवढ्या लक्ष देऊन बघत होत्या, जणू तांदूळ निवडताहेत. बऱ्याच वेळानं त्यांनी कमरेची चंची सोडली, आतून एक घडी केलेली नोट काढली आणि हात लांब करून राणीपुढे धरली.

ही दौलतजादा. तमाशात खूश झालेला माणूस अशीच नोट पुढे करतो. कलावंतानं ती लवून घ्यायची, मुजरा करायचा आणि देणाऱ्याचं गाव आणि नाव सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं पुकारायचं. नाव पुकारलं नाही तर ती नोट घेता येत नाही. नावासाठीच लोक ती देतात, आणि नाव राहिलं म्हणून मंडपात डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

आबांनी लवून नोट घेतली. मुजरा केला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. "अवं", "आयकं का", "पोऱ्यानी माय", एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता. अक्काही हे विसरून गेल्या असाव्यात, कारण त्यांचा पुढे आलेला रिकामा हात अवघडून तसाच हवेत राहिला. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा खाली केला. इथे मला मदत करता येण्यासारखं काही नव्हतं.

मग आबांनी श्वास घेतला आणि फडातल्या त्या जुन्या, मागच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात आधी गावाचं नाव पुकारलं, आणि त्यामागून अक्कांचं. माहेरचं, लाडाचं, लग्नाआधीचं नाव. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून थांबला.

अक्कांनी पदर तोंडावर धरला. आतून त्यांचा आवाज आला, बारीक, नव्या नवरीसारखा.

"इतलं जोरमा कसाले? गाव आयकी ना."

राणीनं सायकलवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते नाव पुन्हा पुकारलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.