पाइपची परीक्षा

काकांनी विलायती तंबाखूचा नवा डबा उघडून पाइप भरला. आगपेटीची पहिली काडी तंबाखू नुसती करपवायला, चव दुसऱ्या काडीनंतर, हा त्यांचा नेम. धूर तोंडात घोळवून ते म्हणाले, "देवदाराचा वास आहे. मागून जरासा मनुकांचाही." तेवढ्यात शेजारी मटार सोलणाऱ्या काकूंना खोकल्याची उबळ आली.

"आत जाऊन खोक. चव बिघडते."

काकू ताट घेऊन आत गेल्या.

काय तयार जीभ! धुरातलं झाड ओळखते. त्याच धुरात जन्मभर बसलेली बाई मात्र तिला कळत नाही. असल्या जिभेला डागच द्यावा.

आतला खोकला वाढत गेला आणि एकदम थांबला. ताट पडलं. मी धडपडत उठलो.

"बस रे," काका डोळे मिटूनच म्हणाले, "खरी परीक्षा शेवटच्या झुरक्याला असते."