लॅचपाशी फाटलेला पत्रा

“बॉनेट कोन आपटायचं, तेवढं सांगा भाई,” थोरला बबन म्हणाला.

“माझंच नाव घ्या म्हन की सरळ,” धाकटा संजय उसळला.

पारनेरला त्यांच्या अंगणात मी अँबॅसिडरपुढे उभा होतो. नगरला माझं डेंटिंगचं गॅरेज. जुन्या गाड्यांचा पत्रा सरळ करण्यात आयुष्य गेलं. ही गाडी त्यांच्या वडिलांची, आबांची. वडील गेल्यावर भावांनी सगळं वाटून घेतलं, गाडी तेवढी सामाईक राहिली. आता लॅचपाशी, म्हणजे बॉनेट बंद धरणाऱ्या खटक्यापाशी, तिचा पत्रा फाटला होता.

मी तड्यात टॉर्च मारला. आतल्या कडा गंजून काळ्या पडलेल्या, फक्त टोकाला पत्रा चकचकीत. म्हणजे तडा जुना, हळूहळू वाढलेला. एकदा आपटून असं होत नाही.

मग पुढच्या कोपऱ्यांत बोट फिरवलं. तिथं रबरी गुटके असतात, बंद बॉनेट त्यांच्यावर टेकतं. ते नसले की प्रत्येक खड्ड्याला बॉनेट थरथरतं आणि सगळा ताण लॅचवर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसाच पत्राही थकतो. इथं गुटके नव्हतेच. त्यांच्या भोकांत रंग भरला होता.

“पेंटरनं रंग देताना गुटके काढले, परत बसवलेच नाहीत,” मी सांगितलं. “बॉनेट वाजायला लागलं म्हणून कुणीतरी लॅच आवळलं. मग बॉनेट आपटल्याशिवाय लागेना. तुमच्यापैकी कुणाचाच दोष नाही.”

मला वाटलं, मिटलं.

“रंग ह्याच्या लग्नात दिल्ता,” बबन म्हणाला. “आबांनी ह्याच्यासाठीच दिल्ता.”

“आन पेंटर कुनी आनल्ता? तूच ना?”

पुढचं बोलणं गाडीचं नव्हतंच. ओट्यावर बसलेली त्यांची आई उठून आत गेली.

बॉनेट उतरवून मी गॅरेजला आणलं. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकांना बारीक भोकं पाडली. वेल्डिंग केलं, आतून पट्टी जोडली, नवे गुटके आणून ठेवले. फोन केला. बबन म्हणाला, संजय नेईल. संजय म्हणाला, बबनला विचारा.

कुणी येईना, तेव्हा मीच टेम्पोत घालून पारनेरला नेलं. अंगणात गाडी नव्हती. ती उभी असायची तिथून विटांची भिंत चढत होती. गाडी भंगारात गेली. त्याला मात्र दोघं एका बोलण्यात तयार झाले म्हणे.

त्यांची आई ओट्यावरच होती. टेम्पोतल्या बॉनेटवरून तिनं एकदा हात फिरवला.

“भाई, तुमी नुस्तं वेल्डिंग करायचं हुतं,” ती म्हणाली. “कारन कशाला सांगितलं?”

बॉनेट तसंच परत आणलं.

आजही गिऱ्हाईक विचारतं, हे कशानं झालं? मी आधी त्याच्यासोबत कोण आलंय ते बघतो.