वाफेतली हाक

आम्ही तंजावरकडचे मराठी; अप्पा मद्रासला रेल्वेत कारकून होते. त्यांच्या पासावर आम्ही एकदाच महाराष्ट्रात गेलो, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. आईचे गुडघे धरले होते, म्हणून कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडावर एक दिवस जाऊन यायचं ठरलं. त्याच वर्षी तंजावरला माझी आजी, आईची आई, वारली होती, आणि आई पोचण्याआधीच सगळं उरकलं होतं.

मद्रासमधल्या मैलापूरच्या सपाटीवर वाढलेल्या मला तो मुलूख भयंकर वाटला. बस नुसत्या काळ्या कातळातून चालली होती.

"हा सगळा दगड एके काळी वितळून वाहत होता," अप्पा म्हणाले. मी पाय वर ओढून घेतले.

बायकांच्या कुंडात गंधकाचा वास आणि इतकी वाफ, की शेजारचं माणूस दिसेना. आई गळाभर पाण्यात बसली. वाफेतून एक म्हातारी पुढे आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आलीस गं बाय? किती उशीर केलास!"

मला वाटलं, आई म्हणेल, तुम्ही चुकताय. आई म्हणाली, "हो आई. उशीरच झाला."

तिच्या मराठीतला आमचा तमिळ हेल कुठे गेला होता कोण जाणे.

म्हातारीने तिची वेणी सोडली, ओंजळीओंजळीने केस धुतले. मी दोनदा हाक मारली. आईने वळून पाहिलं नाही.

कपडे राखणारी बाई मला बाहेर म्हणाली, "तिची लेक वरच्या उकळत्या झऱ्यात घसरून गेली. लग्न ठरलेलं. तेव्हापासून म्हातारी कुणाशी बोलत नाही. आज पहिल्यांदाच तोंड उघडलं."

बस आली, तेव्हा म्हातारी ओल्या लुगड्यानिशी रस्त्यापर्यंत आली. "आता कधी येशील?" आई बसमध्ये चढली. सगळं कळल्यावर अप्पा चिडले. "असं फसवू नये कुणाला!"

गुडघे हळूहळू बरे झाले. पण त्यानंतर आईने ऊन पाणी अंगावर घेतलं नाही. मार्गळी महिन्याच्या गारठ्यातही विहिरीचंच.

मी मोठी झाल्यावर तिला विचारलं, "तिला बरं वाटावं म्हणूनच हो म्हणालीस ना?"



"नाही गं. त्या घटकेला मला तू आठवतच नव्हतीस. अप्पाही नाहीत. मी तिचीच होते."