चौथ्या चाकाचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला बी न्हाई — म्हंजी देवाला ठाऊकच असंल, पण तोंडानं कवा बोललो न्हाई. तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो. मधीच अडखळलो तर अडखळू द्या.

कारेगावला माझं दुकान हाय. गाडीची ॲल्युमिनियमची चाकं घासून, रंगवून नव्यावानी करून देतो. नवीन चाक सगळ्यांना परवडत न्हाई, मग येतात माझ्याकडं. रंग उडालेलं, पांढरं पडलेलं, कडेला चेमटलेलं — काय बी आणा. जुना रंग उतरवायचा, पॉलिश पेपर मारायचा, खळगे पुट्टीनं भरायचे, मग प्रायमर, सिल्व्हर, वरनं लॅकर. पंधरा वर्सं कंपनीच्या पेंट शॉपमधी काढलीत, हात बसलेला हाय. लोक म्हणायचे, ह्याच्या हातात जादू हाय. आन् मी बी फुगायचो.

रंगाच्या आधी मी प्रत्येक चाक वाजवतो. माठ घेताना बाया टिचकी मारून बघतात ना, तसं. चाक टांगायचं आन् लाकडी हातोडीनं हळूच टोला द्यायचा. धड असलं तर खणखणीत वाजतं, आवाज घुमत राहतो. तडा असला तर बद्द वाजतं. गिऱ्हाइकासमोर मी मुद्दाम वाजवून दाखवायचो — तेवढाच रुबाब.

खुटबावचे यशवंत आबा माझ्याच कंपनीत स्टोअरला होते. रोज सकाळी गेटवर 'जय भीम' घालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी कार घेतली. स्वतःसाठी न्हवं, लेकीसाठी. प्रज्ञा दौंडला नर्स हाय. त्यांच्या भावकीत गाडी शिकलेली पहिली बाई तीच, आन् आबा भेटंल त्याला सांगायचे, आमची प्रज्ञा मला कुठं बी नेती. त्या गाडीची चारी चाकं त्यांनी माझ्याकडं टाकली. दसऱ्याला गाडी पुजायची होती, तवर द्या म्हणाले. देतो म्हणालो.

तीन चाकं झाली. चौथ्याची कड आत चेमटली होती. असलं चाक मी शिरूरच्या मशीनवाल्याकडं पाठवतो, तो सावकाश दाबून सरळ करतो. पण दसरा दोन दिवसांवर, दुकानात चाकांचा ढीग — आन् खरं सांगू? मला वाटलं, त्या मशीनवाल्याला येतं ते मला येत न्हाई व्हय? गॅसनं तापवलं आन् घणानं ठोकलं. कड सरळ झाली, एकदम झ्याक. मग टांगलं आन् वाजवलं.

बद्द वाजलं.

परत वाजवलं, परत तसंच. आतल्या अंगाला केसाएवढी चीर होती, बोटभर लांब. माझ्याच घणानं पडलेली. काय करायला पायजे होतं? आबांना फोन लावायचा. म्हणायचं, आबा, माझ्या हातनं चाक गेलं, ह्या दसऱ्याला स्टेपनी लावून पुजा. आबा हसले असते. पण ज्याच्या हातात जादू, त्यानं हे कसं म्हणायचं? चिरेत पुट्टी भरली, घासली, वर रंग मारला. आबा न्यायला आले तवा नेहमीसारखं वाजवून दाखवलं — पहिलं चाक. चौथ्याला हातोडी लावलीच न्हाई.

दिवाळी झाल्यावर भांडगावजवळ हायवेला ते चाक फुटलं. गाडी डिव्हायडरला घासत गेली. प्रज्ञा चालवत होती, तिला खरचटलं बी न्हाई. शेजारी बसलेल्या आबांचा गुडघा गेला तो गेलाच.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाकडनं होती. थांबा. खरं काय ते तर मी अजून सांगितलेलंच न्हाई.

दीड-दोन महिन्यांनी बाप-लेक फुटकं चाक घेऊन दुकानात आले. आबा काठीवर. घरात चुलते-पुतणे सगळे प्रज्ञावर तुटून पडले होते, बाईच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं म्हणून. आबा म्हणाले होते, जाणकाराला विचारू, तो म्हणंल ते खरं. जाणकार म्हंजी कोण? मी. चाक हातात घेतलं. तुटक्या कडेला माझी राखाडी पुट्टी ढळढळीत दिसत होती. तिच्यावर मी अंगठा ठेवला.

म्हणालो, "खड्ड्यात आदळलंय आबा. स्पीड असणार."

"खड्डा न्हवता, मामा," प्रज्ञा म्हणाली. एकदाच म्हणाली. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, चालवताना ध्यानात येत न्हाई ताई. आबांनी लेकीकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं — ते नुसतेच खाली बघायला लागले. भंगारात टाकतो म्हणून चाक मी ठेवून घेतलं, आन् दोघं रस्त्याला लागले तसे त्याचे घणानं तुकडे केले.

गाडी विकली त्यांनी. प्रज्ञा परत स्टेअरिंगला बसली न्हाई. दौंडला ड्यूटीला जीपनं जाती, दाटीवाटीत. मी अजून चाकं वाजवतो — सगळी. त्यानं काय होतंय?

ह्या गोष्टीला पाच वर्सं झाली. गेल्या महिन्यात आबांचं दुखणं वाढलं म्हणून खुटबावला गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो, शपथ. आबा आत झोपलेले. प्रज्ञानं चहा आणून दिला आन् समोर बसली. मी तोंड उघडणार, तवर तीच बोलली.

"मामा, तवा मी उगा तुमच्याशी वाद घातला. खड्डा होता. आता मला चांगला आठवतो — माझ्याच बाजूला होता, मोठा. मीच बघितला न्हाई."

मी चहा प्यालो. कप खाली ठेवला आन् म्हणालो, जाऊ दे ताई, होतं असं.

खड्डा न्हवता.