मथळ्यातला विजेता

आमच्या वृत्तपत्राच्या कोल्हापूर कार्यालयात बाहेरून नवे संपादक आले. पहिल्याच आठवड्यात एका उपसंपादकाने त्यांच्या मथळ्यातली चूक दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्याला भाजीपाल्याचे बाजारभाव लावण्याच्या कामावर बसवले. त्यानंतर साहेबांची चूक कोणी दाखवली नाही.

फुटबॉलचा अंतिम सामना शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या संघाने जिंकला. आमचा क्रीडा बातमीदार त्याच पेठेत वाढलेला. त्याने बातमी अचूक लिहिली होती. साहेबांनी मथळा बदलला आणि त्यात हरलेला संघ विजयी ठरला. डेस्कवरच्या आम्हा सगळ्यांनी तो वाचला आणि पान छपाईला सोडले.

सकाळी तालमीची पोरं अंक घेऊन कार्यालयात आली. साहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "बातमीवर ज्याचं नाव आहे, त्याला विचारा."

"पेठंत ऱ्हायचं हाय न्हवं तुला?" एकाने बातमीदाराला विचारले. "का हरलेल्यांच्याच गल्लीत खोली बघितलीस?"

मागची पोरं हसली. बातमीदाराने साहेबांकडे पाहिले. साहेब केबिनमध्ये परत गेले. मग त्याने हात जोडले आणि "चुकलं माझं," म्हणाला.

पुढच्या सामन्यालाही तोच गेला. परत येऊन माझ्या शेजारी बसला, संगणक सुरू केला आणि हळू आवाजात विचारले, "आज कोण जिंकलं म्हणून लिहू?"

मला हसू आले. तो मात्र उत्तराची वाट पाहत होता.