मी शिकवलं न्हाई

थोरल्या जाऊबाई गेल्या तेव्हा माझ्या लेकीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि "आई" म्हणून हाक मारली. मी शेजारीच बसले होते. शिरूरच्या त्या घरात दाटीनं बसलेल्या बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जाऊबाईंच्या अंगावरचं पांघरूण उगीच सारखं करत राहिले.

तेराव्याला जो तो म्हणत होता, "माउली होती." मीही म्हणायला हवं होतं. माझी लेक त्यांनी सांभाळली, तीही मी मरणाच्या दारात असताना. त्या गेल्याचं दुःख मला आहे, आणि ते खोटं नाही. पण तो शब्द माझ्या तोंडाशी येतो आणि अडतो. तो का अडतो ते मलाच नीट कळावं म्हणून रोज थोडं थोडं लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. माझे यजमान, म्हणजे हे, दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लेक नुकती पावलं टाकू लागली होती आणि अजून अंगावर पीत होती. तिला डाव्या बाजूला घेतलं असताना माझ्या बोटाला हरभऱ्याएवढं काही लागलं. सासूबाई म्हणाल्या, "दुधाची गाठ असंल. शेक." मी शेकत राहिले. हरभऱ्याची सुपारी झाली.

रेल्वेच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. जाण्याआधी लेकीला शिरूरला थोरल्या जाऊबाईंकडे ठेवलं. थोरल्या दिरांचा तिथं कांद्याचा व्यापार होता. त्यांना मूल नव्हतं.

ऑपरेशननंतर मला सांगण्यात आलं की गाठ काढली. पट्ट्या सुटल्या तेव्हा समजलं की गाठीबरोबर बरंच काही काढलं आहे. डाव्या बाजूला कातडी बरगड्यांवर ताणून शिवली होती, काखेच्या वर खळगा पडला होता. पुढं विजेचे शेक झाले, तेव्हा ती कातडी काळवंडली. हे म्हणाले, "आता तू बरी झालीस." आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. वॉर्डाच्या दारावर पाटी होती आणि मला वाचता येतं, हे घरातली माणसं विसरली असावीत.

दौंडला परत आले आणि लक्षात आलं की घरातून एक शब्द नाहीसा झाला आहे. हात वर जात नव्हता, म्हणून चोळी सासूबाई बांधायच्या. पूर्वी त्या म्हणत, "चोळीची गाठ घट्ट मार गं." आता म्हणू लागल्या, "चोळी आवळू का?" सुताला गाठ बसली तर त्याला गुंता म्हणत. शिरूरहून आल्यावर हे एरवी म्हणायचे, "दादाची गाठ पडली." आता म्हणाले, "दादा दिसला होता." मला पुस्तकांची सवय, शब्दाकडे कान जायचाच. ज्या घरात एवढा साधा शब्द चुकवत वावरतात, त्या घराला माझ्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे, अशी माझी खात्री झाली.

मग मी सगळ्याकडेच तसं पाहू लागले. घरातल्या एका फुलपात्राला बुडाशी पोचा होता. मला रोज तेच मिळायचं. मी मुद्दाम दुसरं घेतलं, तर सासूबाईंनी ते माझ्यादेखत राखेनं दोनदा घासलं. हा रोग लागत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मग फुलपात्र का वेगळं? आणि मग लेक दूर का?

स्वतःच्या अंगाचाही मला भरवसा राहिला नव्हता. अंघोळीला बसले की उजव्या बाजूवर साबणाची बोटं फिरवायची, परत फिरवायची. काही लागलं नाही तरी वाटे, आपण नीट पाहिलं नाही. डावा हात दुपारनंतर सुजायचा. त्यातल्या बांगड्या दवाखान्यातच फोडाव्या लागल्या होत्या, नव्या चढेनात. भेटायला येणाऱ्या बायका आधी त्या मोकळ्या मनगटाकडे पाहायच्या आणि मग माझ्या कुंकवाकडे.

त्या दिवसांत घरात हसणारं माणूस एकच यायचं. शेजारच्या क्वार्टरमधल्या इंजिन ड्रायव्हरची बायको. तिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. चोळीत डाव्या बाजूला भरायला मी कापसाची उशी शिवली होती, पण ती हलकी. चालताना वर सरकायची.

"अगं, गळ्यापाशी आली की ती," खाला म्हणाली. "कापूस नको भरूस. राळ्याचे दाणे भर. वजनानं जागेवर राहील."

"आणि उंदीर लागले तर?"

"तर पुढच्या ऑपरेशनचा खर्च वाचंल बाई!"

मी हसले, टाके ओढले गेले. सासूबाई आतून म्हणाल्या, "हसताय काय एवढं?" राळ्यांची उशी मात्र जागेवर राहिली.

"लेकीला आणा," मी यांना सारखी म्हणायची.

"हात वर होऊ दे. उचलणार कशी तिला?"

ते खरं होतं. मूल आपण डाव्या कडेवर घेतो. नर्सनं सांगितल्याप्रमाणे मी भिंतीसमोर उभी राहायची आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. दौंडला इंजिनांची काजळी सगळीकडे बसते, त्यामुळं चुन्याच्या भिंतीवर बोटांचे काळे ठिपके उमटायचे. आदल्या दिवशीच्या ठिपक्याच्या वर बोट गेलं की मी थांबायची, घाम पुसायची. खांद्याच्या वर गेले, कानाच्या वर गेले. दसऱ्याच्या आधी सासूबाईंनी भिंतीला चुना दिला. म्हणाल्या, "भिंत पार काळी केलीस." मी कुठवर पोचले होते ते पुसलं गेलं. ते मुद्दाम केलं असावं, असं मला वाटलं.

वेणी माझी मला घालता येऊ लागली. भरलेली कळशी डाव्या कडेवर घेऊन मी सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "थंडी सरू दे. पोरीला खोकला हाय." थंडी सरली. मग देवीची लस टोचायची होती. ती टोचली, मग उन्हाळा आला. ऊन उतरलं, तर रस्त्यात चिखल. माझा हात जसजसा वर जाई, तसतशी लेक लांब जाई.

हे सुट्टीच्या दिवशी एकटेच शिरूरला जाऊन यायचे. मी दारातच विचारायची, "माझी आठवण काढते का?"

"काढते की."

"काय म्हणते?"

"दिवसभर आई आई करते." हे म्हणताना ते चपला काढत असायचे. चपला काढायला माणसाला एवढा वेळ लागत नाही.

एका सकाळी हे धक्क्यावर गेल्यावर मी खालाला सांगितलं, "शिरूरला जाते, यांना सांगा." ती पहिल्यांदाच गंभीर झाली. "एकटी? हाताला धक्का लागंल." मग स्वतःच एसटीपर्यंत माझ्या डाव्या बाजूनं चालत आली. न्हावऱ्याला गाडी बदलून मी दुपारी शिरूरला उतरले.

जाऊबाई ओसरीवर कांदे निवडत होत्या. मला पाहून त्यांचे हात थांबले. त्यांच्या पाठीमागून एक मुलगी आली. केस वाढलेले, पायात वाळे. तिनं माझ्याकडे पाहिलं, जाऊबाईंच्या पदरात तोंड लपवलं आणि म्हणाली, "आई, कोण?"

यांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. ती दिवसभर आई आई करत होती.

"मी शिकवलं न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं. "ती आपसूक म्हणाया लागली. पोरं जवळ आसंल तिला म्हणत्यात."

"तुम्ही दुरुस्त केलं नाहीत."

"किती येळा करू? तू शिकलेली हायेस. मला येती व्हय दुरुस्ती?"

"मी तिला न्यायला आले आहे."

त्यांनी कांद्याची पाटी बाजूला सारली, पदर सोडवून घेतला आणि पोरीला माझ्यासमोर उभी केली. "ने की. उचल आन् ने."

मी उचललं. कळशी उचलण्याचा सराव होता, पण कळशी लाथा मारत नाही. तिनं पाठीची कमान केली, किंकाळी फोडली आणि तिचा गुडघा माझ्या काखेत बसला. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिला खाली ठेवलं. ती धावत जाऊबाईंना बिलगली.

जाऊबाई म्हणाल्या, "तू हिला हितं सोडून गेलीस ना, तवा सात-आठ रोज ही अशीच रडत हुती. घसा बसला पोरीचा. छातीशी धरली की चोळीत हात घालायची, काय घावायचं न्हाई, की परत रडायची. ते मी ऐकलंय. डॉक्टरनी तुझ्या नवऱ्याला काय सांगितलं, ठावं हाय का तुला?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"वरीस, लई तर दोन. आता तू नेशील, तुझी सवय लावशील, आन् जाशील. मंग परत हिचं रडणं कोण ऐकणार? मीच ना?"

इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणी खरं बोललं नव्हतं. बोलल्या त्या जाऊबाई. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, खरं सांगण्यात यांचा फायदाच आहे.

"मी जिवंत असेपर्यंत तरी ती माझी आहे ना?" मी विचारलं.

जाऊबाईंनी पदरानं पोरीचं नाक पुसलं. "मंग बस हितं. तिला वळख हू दे तुझी. वढून नेऊ नगंस."

मी तिथं राहिले. हे धावत आले, मी परत जात नाही म्हटल्यावर माझे कपडे आणून देऊन गेले. आम्ही दोघी एका चुलीपाशी राहायचो आणि दोघींचं लक्ष पोरीवर. जाऊबाईंनी शेजारणींना सांगितलं, "पाव्हणी आलीय." दुसऱ्या दिवशी लेक मला "पावनी" म्हणू लागली. मी जाऊबाईंकडे पाहिलं.

"मी शिकवलं न्हाई हां," त्या म्हणाल्या. तोंडावर पदर धरला होता. हसत होत्या की काय, कळलं नाही.

मग त्यांनी तिला जेवू घालणं माझ्याकडे दिलं. मग न्हाऊ घालणं. मला वाटे, मदत करताहेत. परत वाटे, मी कधी थकते ते पाहताहेत. दुपारी माझा हात सुजला की त्या न बोलता उशी आणून खाली ठेवायच्या, आणि मी त्या उशीकडेही संशयानं पाहायची.

एकदा मोरीत लेकीला अंघोळ घालताना तिनं तांब्या उलटा केला आणि माझी चोळी चिंब झाली. मी ती सोडली. जाऊबाई गरम पाणी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मी झाकून घ्यायला पदर शोधत होते. तेवढ्यात लेकीनं त्या काळ्या, ओढलेल्या कातडीवर बोट ठेवलं.

"बाऊ?"

"हो."

तिनं गाल फुगवून फुंकर घातली. तोंडातलं साबणाचं पाणी माझ्यावर उडालं.

"येवढं कापलं व्हय गं?" जाऊबाई म्हणाल्या. "मला वाटलं, नुसती गाठ काढली." पाण्याचं भांडं तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर लेकीचं बोचकं बांधून तयार होतं. झबली, वाळे, शेंगदाण्याचे लाडू. कालपर्यंत ओढून नेऊ नको म्हणणारी बाई आज स्वतः बोचकं बांधते, हे मला उमगेना. मग उमगलं. त्यांनी माझी जखम पाहून हिशेब केला होता. हिच्यापाशी आता फार दिवस नाहीत, राहू दे पोरगी तेवढे दिवस. त्या मला लेक परत देत नव्हत्या, उसनी देत होत्या. असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. पण निघताना त्यांनी ते बोचकं दोनदा सोडून परत बांधलं, हेही मी पाहिलं होतं.

मी जगले. वर्ष गेलं, दोन गेली, डॉक्टरांचा अंदाज मागं पडला. जाऊबाई दर दिवाळीला दौंडला यायच्या, दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "बरी हायेस न्हवं?" मी "बरी आहे" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडायचं. तो सुटकेचा निःश्वास होता की आशा सुटल्याचा, हे मला ओळखता आलं नाही. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

बोचकं बांधलं त्या सकाळी जाऊबाई एसटीपर्यंत आल्या. लेकीला मला उचलावं लागलंच नाही. माझं बोट धरून ती चालत आली, जाऊबाईंचं बोट दुसऱ्या हातात. गाडीत तिला खिडकीशी बसवलं. जाऊबाई खालून म्हणाल्या, "हिच्यासंगं जा. रडू नगंस." आईसंगं जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी ते ऐकून ठेवलं. गाडी हलण्याआधीच त्या वळल्या आणि भराभर निघून गेल्या.

लेक थोडा वेळ खिडकीचे गज धरून बसली, मग माझ्या डाव्या बाजूला, राळ्यांच्या उशीवर डोकं टेकून झोपली. न्हावऱ्याला गाडी बदलताना जागी झाली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "आई कुठंय?"

"घरी," मी म्हटलं.

"आपन कुठं?"

"घरी चाललोय."

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. एवढ्याशा चेहऱ्यावर सरळ संशय होता. मग तिनं बोचक्याकडे हात केला. मी लाडू काढून दिला. तिनं तो आधी हुंगला, मग खाल्ला, आणि खाताना माझ्यावरची नजर काढली नाही.